तीन तलंगा

कोपऱ्यावर सीताफळांच्या गाड्या उभ्या राहिल्या की हैदराबादेतला पाऊस संपला असं मी धरून चालते. टोपल्यांत खाली पाला, वर हिरवी-करडी फळं, आणि गाडीवाल्याची दरवर्षीची तीच तक्रार, "दबाओ नक्को अम्मा, मैं देखके देतौं." मी तरी दाबते. एकेक फळ तळहातावर घेते, बोटांनी हलकंच चाचपते आणि क्षणभर तिथंच थांबते. हाताला काहीतरी वेगळंच हवं असतं. पिसांखालची ऊब, आणि त्या उबेच्या आत वेगानं धडधडणारं काहीतरी.

मग पिशवी घेऊन लिफ्टनं चौथ्या मजल्यावर येते. घरात दिवसभर कुणी नसतं. फळं तांदळाच्या डब्यात ठेवते, हात धुते आणि नल्लकुंट्याच्या आमच्या जुन्या घराच्या परसात जाऊन बसते. ते परस आता नाही. तिथं जायला काही अडचण येत नाही म्हणा.

मी चोवीस वर्षांची होते. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि नवरा जाऊन सात महिने. अविनाश कॉम्प्युटरचं काम शिकलेला. देशाची दारं उघडली असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं ते दिवस. आबिड्सच्या दुकानांच्या काचा बदलत होत्या, गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या वायरी गेल्या होत्या, आणि भिंतीभिंतीवर कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड रंगवले जात होते. अविनाशला एका कंपनीनं अमेरिकेला नेलं. "सहा महिन्यांत तुला बोलावतो," असं म्हणून तो गेला. मागं राहिलो मी, माझे सासरे आणि कोंबड्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. देगलूरकडचं शेतकरी घराणं. ते तरुणपणी हैदराबादेत आले आणि नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. मामांची मराठी जड, संथ, तिच्यात हैदराबादेचं हौ आणि नक्को मिसळलेलं. माझी पुण्याची, भरभर. त्यांना माझं अर्धं वाक्य कळेपर्यंत मी पुढचं बोलून मोकळी झालेली असायची. मग दोघांनीही बोलणं कमी केलं. चहा झाला का, हौ. भाजी काय करू, काही बी कर. दूधवाला आला होता, हौ. एकदा मी दिवसभरातली वाक्यं मोजली. चौदा भरली, आणि त्यातली पाच माझी मलाच होती.

रविवारी सकाळी भिंतीपलीकडच्या सरोजम्मांच्या घरी फोन वाजायचा. त्या अंगणातूनच हाक मारायच्या, "वसुधम्मा, जल्दी आओ मा, अमेरिका का फोन." मी ओल्या हातांनी पळायची. अविनाशच्या आवाजामागं समुद्रासारखी घरघर असायची. तो म्हणायचा, "ठीक आहेस ना?" मी म्हणायची, "हो. तू?" सरोजम्मा बिचाऱ्या आत निघून जायच्या, म्हणजे आम्हाला मोकळेपणी बोलता यावं. पण मोकळेपणी काय बोलायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मिनिटं पळत होती याचंच दडपण.

आमच्या पुण्याच्या घरात अंडं शिजायचं ते गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या भांड्यात. कोंबडी मी कधी जवळून पाहिलेली नव्हती. नल्लकुंट्याच्या परसात पेरूचं झाड होतं, धुण्याचा दगड होता, आणि मामांनी जुन्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं खुराडं. मी धुणं धुवायला गेले की आधी हातातला पिळा आपटून कोंबड्यांना हुसकायची. त्या दोन पावलं सरकायच्या आणि परत यायच्या. दुकानात तेव्हा अंडी ट्रेनं मिळायला लागली होती, पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबड्याही. तरी मामा हा व्याप का करतात ते मला कळायचं नाही. विचारलंही नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी मामांनी मला परसातून हाक मारली.

"सूनबाई, तुला कोंबडी धरता येते का?"

"नाही."

"शिकतीस का?"

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकू द्या, संक्रांतीनंतर काढू. मामांना उजेड आणि सावली तेवढी कळायची. मला एकदा म्हणाले होते, "तू दारात उभी राहिलीस की दार जरासं काळं होतं. तेवढं समजतं." चैत्रात उबवलेल्या पिल्लांपैकी मुंगूस, घार आणि उन्हाळा यांच्या तावडीतून तेरा वाचली होती. चार नर आषाढात बोनालूच्या सणाला देवीच्या नैवेद्यात गेले. उरल्या नऊ तलंगा. तलंग म्हणजे अजून अंडी सुरू न झालेली तरुण कोंबडी. पुण्यात जन्म काढून हा शब्द मी त्या परसात शिकले. दरवर्षी मामा त्यांतल्या सहा ठेवत आणि बाकीच्या, जुन्या कोंबड्यांसकट, शहराबाहेरून येणाऱ्या ओळखीच्या भाजीवालीला देत. ठेवायच्या कुठल्या, ते आश्विनात ठरवायचं. गेल्या वर्षीपर्यंत त्यांनी अंधुक का होईना, डोळ्यांनी बघून ठरवलं होतं.

"पाठीवर झडप नक्को घालू," ते म्हणाले. "दोन्ही हात दोन्ही पंखांवरून आण. परातीतलं पीठ गोळा करतो ना, तसं."

तिसऱ्या प्रयत्नात एक तांबडी तलंग माझ्या हातात आली. मी डोळे मिटून घेतले होते. ती एकदा फडफडली आणि गप्प झाली. तिचं काळीज माझ्या तळहातात इतकं जोरात उडत होतं की मला वाटलं, ती आत्ता मरेल. पिसं गार होती, त्यांच्या आतलं अंग मात्र तापलेलं. आणि मला एकदम कळलं की सात महिन्यांत मी कुणाला हात लावलेला नाही, आणि मला कुणी.

"सोडू नको," मामा म्हणाले. "तिला समजू दे तू कोण ती."

मी तिला बराच वेळ धरून बसले. मामांना माझा चेहरा दिसत नव्हता ते बरं होतं.

त्यानंतर दुपारचा एक तास कोंबड्यांचा झाला. मी बघायचं आणि सांगायचं, मामांनी ऐकायचं आणि पारख करायची. सकाळी खुराड्याचं दार काढल्यावर आधी कोण बाहेर पडते? संध्याकाळी सगळ्यांत शेवटी कोण आत जाते? "जी उशिरा घरी येते ती पोट भरून येते," ते म्हणायचे. तुरा लाल व्हायला लागला का? डोळा चमकतो की झोपाळलेला आहे? पाय सरळ पडतात का? मग धरून बघायचं. शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात, त्यांच्यामध्ये बोटं ठेवायची. दोन बोटं मावली तर चांगली, अडीच मावली तर लई चांगली, एकच मावलं तर ती खाईल आणि फिरेल, अंडी देणार नाही. पोट मऊ हवं, भिजवलेल्या कणकेसारखं. "आणि दिसण्यावर जाऊ नको. चांगल्या पिसांची कोंबडी स्वतःलाच सांभाळत बसते."

माझ्या बोटांवर त्यांनी स्वतःचा हात ठेवून जागा दाखवली. खरखरीत, कोरडा हात. म्हणाले, "मला हिनंच शिकवलं असं." हिनं म्हणजे माझ्या सासूबाईंनी. लग्न होऊन त्या देगलूरहून आल्या तेव्हा आगगाडीत मांडीवर डालगं होतं आणि त्यात दोन कोंबड्या. शहरात त्यांना कुणाची भाषा येत नव्हती. मामा सकाळी स्टेशनात जायचे ते दिवेलागणीला परत. "मी आलो की ती मला कोंबड्यांचं सांगायची. दुसरं सांगायला तिच्यापाशी काही नव्हतं. मला राग यायचा तेव्हा."

एवढं बोलून ते थांबले. मी मोजली नव्हती, पण त्या दिवशी चौदापेक्षा पुष्कळ वाक्यं झाली.

नवरात्रात गल्लीतल्या बायका बतुकम्मा मांडायच्या. पिवळ्या-केशरी फुलांची रास, भोवती टाळ्या वाजवत फिरायचं. मी फाटकाशी उभी होते. सरोजम्मांनी येऊन माझा हात धरला आणि मला रिंगणात ओढलं. गाण्यातला एक शब्द मला येत नव्हता. टाळी नेहमी अर्ध्या पावलानं मागं पडत होती. बायका माझ्याकडे बघून प्रेमानं हसत होत्या. मी तीन फेरे घेतले, डोकं दुखतंय अशी खूण केली आणि घरी आले. परसात खुराड्यापाशी टेकले तर एक काळी तलंग आली आणि माझ्या पायाशी, साडीच्या निऱ्यांवरच अंग मुडपून बसली. ती नेहमीच असं करायची. मी भांडी घासत असले तरी जवळ येऊन बसायची. बाकीच्या किडे उकरत असायच्या, ही माझ्या कडेला.

त्याच आठवड्यात पाकीट आलं. रजिस्टर पोस्टानं, जाडजूड. माझ्या व्हिसाची कागदं. मद्रासला मुलाखतीला जायचं होतं. अविनाशनं वर लिहिलं होतं, 'आता लवकर ये.' इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या हातात होतं, आणि मी ते कपाटात साड्यांखाली सरकवलं. मामांना सांगितलं नाही. रविवारी फोनवर अविनाशनं विचारलं, तर म्हटलं, "अजून नाही आलं." सरोजम्मांच्या खोलीत उभी राहून मी नवऱ्याशी सरळ खोटं बोलले.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मामांची दया येत होती असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्या घरात मला नुकतीच एक जागा मिळाली होती. दुपारचा तो एक तास. कुणीतरी माझी वाट बघायचं, मी काय बघितलं ते विचारायचं, आणि माझ्या सांगण्यावर काहीतरी ठरायचं होतं. पाकीट बाहेर काढलं असतं तर तो तास निरोपाचा झाला असता. मला तो तसा नको होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा म्हणाले, "आज निवडू." उजेड उतरला होता, नऊही तलंगा खुराड्यात शिरून बसल्या होत्या. दिवसा धरायला गेलं तर कोंबडी पळते आणि मागं माणूस पळतं, म्हणून ही वेळ. मामा धुण्याच्या दगडावर बसले. शेजारी डालगं उपडं घातलेलं. मी एकेकीला काढून त्यांच्या मांडीवर द्यायची, आधी माझी पारख सांगायची, मग ते हात फिरवायचे.

"सहा ना?" मी विचारलं.

"तीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मामा, दरवर्षी सहा ठेवता ना?"

"एका माणसाला तीन पुरे."

माझ्या हातात तांबडी होती. मी तिला छातीशी धरून तशीच उभी राहिले.

"पोस्टमन माझ्याच हातात देत होता पाकीट," मामा म्हणाले. "म्हणलं, तिचं तिला दे. जाड होतं. नुसत्या पत्राला एवढं जाड लागत नाही."

"मी जाणार असं अजून ठरलेलं नाही."

"तू ठरव की. कोंबड्यांचं मला आज ठरवायचंय."

"तुमचे डोळे..."

"सरोजम्माचा पोरगा नेईल. त्याला बोलून ठेवलंय."

म्हणजे त्यांनी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. दहा दिवस मी साड्यांखाली पाकीट लपवून त्यांच्यासमोर बसत होते, आणि दहा दिवस ते मला दुपारी शिकवत होते. मी म्हटलं, "तुम्ही एकटे पडाल."

ते मग म्हणाले, "एकटं राहायला मला येतं. तुला यायला लागलंय, ते बरं नाही. माझ्यानं बघवत नाही." आणि किंचित हसले. "बघवत नाही म्हणतो मी. दिसतं कुठं?"

मग आम्ही निवडायला बसलो. तांबडी पहिली. अडीच बोटं, मऊ पोट, गळ्याखालची दाण्याची पिशवी गच्च भरलेली. ठेवली. राखी रंगाची दुसरी, दिसायला अगदी मळकट, पण सगळ्यांआधी बाहेर पडणारी. ठेवली. मधल्या चार मी सांगितल्या, मामांनी चाचपल्या आणि डालग्याखाली सारल्या. ठिपक्यांची चांगली होती, आणि तिच्यावर त्यांचा हात जरा रेंगाळला. तिला त्यांनी बाजूला ठेवलं. "ही तिसरी होईल. उरलेल्या दोन बघ."

आठवी काही विशेष नव्हती. नववी ती काळी. मी तिला पारख न सांगताच त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी बोटं लावून बघितली.

"हिची हाडं लई जवळ आहेत."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"हो. एकच बोट मावतं."

"मग?"

मी शेवटी म्हटलं, "ती माझ्याजवळ येऊन बसते."

मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, दोनदा. मग ठिपक्यांची उचलून डालग्याखाली घातली. "ठेव हिला," म्हणाले.

सकाळी भाजीवाली सहाजणींना आणि जुन्या कोंबड्यांना घेऊन गेली. खुराड्यात तिघी राहिल्या. रात्री तिघी एकाच कोपऱ्यात दाटीनं बसायच्या, बाकीची फळी रिकामी.

मार्गशीर्षात मी गेले. मामांचं ऑपरेशन संक्रांतीनंतर होतं. सहा आठवडे थांबायला हवं होतं. अविनाशनं तिकीट काढलं होतं आणि ते पुढं ढकल असं मी त्याला म्हटलं नाही. मामांनी म्हणायला सांगितलं नाही, हेही खरं. पण त्यांनी सांगण्याची मी वाट का बघत होते, असं पुढं कितीतरी वेळा मनात आलं.

तिकडचं घर गालिच्याचं होतं. पाऊल वाजत नसे. अविनाश अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. खिडकीबाहेर बर्फ, आणि त्यावर एकाही पावलाचा ठसा नाही. मी फोन लावायची तेव्हा मामा सरोजम्मांकडे येऊन बसलेले असायचे. "तिन्ही अंडी घालतात," ते सांगायचे. "काळी बी?" "हौ, काळी बी. दिवसाआड." मीही सांगायची, मजेत आहे, शेजारी फार चांगले आहेत. शेजाऱ्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी लेकीला घेऊन आले. मामा फाटकात उभे होते, जाड भिंगांचा चष्मा लावून. त्यांनी मला नीट असं कधी पाहिलेलंच नव्हतं. लग्नातही त्यांच्या डोळ्यांवर पडदा होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अशी आहेस होय. मला वाटायचं, उंच असशील."

परसात दोघीच उरल्या होत्या, राखी आणि काळी. सरोजम्मांना मी काळीचं कौतुक सांगायला गेले तर त्या हसायला लागल्या. "वो काली? आज तक एक अंडा नै दी. मामा बोले, वसुधम्मा को नक्को बोलो." मी परत आले तेव्हा मामा लेकीला मांडीवर घेऊन कोंबड्या दाखवत होते. मी मूठभर दाणे काळीपुढं टाकले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तिकडं बरं आहे ना?" मी म्हटलं, "हौ." त्यांनी ताटावरून मान वर केली आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. आता त्यांना दिसत होतं. मी खाली बघून भात कालवत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी, थंडीत, ते गेले. लेक तापानं फणफणली होती म्हणून अविनाश एकटाच आला. ते घर बिल्डरला दिलं. आता तिथं चार मजले आहेत, आणि परस होतं तिथं गाड्या लागतात. आम्ही कायमचे परत आलो त्यालाही खूप वर्षं झाली. अविनाशचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेक बंगळूरला. सरोजम्मा आता नाहीत. तेलुगू मला बऱ्यापैकी येतं. बोलायला दिवसभरात गाडीवाला भेटतो.

मी गेले ती सकाळ आठवते. बेगमपेटच्या विमानतळावर जायला ऑटो फाटकात उभी होती. मामा फाटकापर्यंत आले नाहीत. ते परसात होते, तिघींना दाणे टाकत. मी जाऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी हात पुढं केला, तो आधी हवेतच राहिला, मग माझ्या डोक्यावर टेकला.

"पोचलीस की फोन कर."

"हो मामा."

"कोंबड्यांचं विचारत बसू नको. तुझं सांग."

मी हो म्हटलं. आणि पाच वर्षं, फोन लागला की माझं पहिलं वाक्य, "मामा, कोंबड्या कशा आहेत?" मग तेही कोंबड्यांचंच सांगायचे, आणि त्यातच वेळ संपायचा.